‘वय झालं होतं’ हे मृत्यूचं कारण नव्हे

आई गेली तेव्हा छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीच्या आमच्या घरी भेटायला आलेला जो तो म्हणत होता, “वय झालं होतं.” आई 74 वर्षांची होती. ऐन श्रावणात आधी नातवाला ताप आला. तो चार दिवसांत उठून खेळायला लागला. मग आईला ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. सातव्या दिवशी पहाटे छातीत कळ आली आणि दुपारी ती गेली. रुग्णालयात फ्लूच्या तपासणीसाठी स्वॅब कुणी घेतला नाही. कागदावर कारण लिहिलं: हृदयक्रिया बंद पडणे.

मृत्यूचं कारण नोंदवण्याच्या नमुना 4 वरच छापलेलं असतं की हृदय बंद पडण्यासारखी मरणाची अवस्था लिहू नका, ज्या आजाराने मृत्यू ओढवला तो लिहा. तो कशामुळे उद्भवला, यासाठी खाली आणखी ओळी असतात. आईच्या कागदावर त्या कोऱ्या राहिल्या.

फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सहापट होतो, हे कॅनडातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं. आईला फ्लूच होता, असं मी म्हणत नाही. ते तपासलंच गेलं नाही, हे माझं दुःख आहे.

अशी माणसं फ्लूच्या नोंदींतून निसटतात म्हणूनच साथीच्या आठवड्यांत नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले, यावरून फ्लूच्या बळींचा अंदाज बांधतात, तोही प्रत्येक वयोगटाचा वेगळा. 2009 च्या स्वाइन फ्लूत जगभरात तपासणीने सिद्ध झालेले मृत्यू साधारण साडेअठरा हजार; नंतरचा अंदाज निघाला 2 लाख 84 हजारांचा. त्यातले 80 टक्के 65 वर्षांखालचे. एरवीच्या फ्लूत म्हातारे आणि तान्ही बाळं जास्त दगावतात. त्या वर्षी कर्ती माणसं गेली. नुसत्या एकूण आकड्यातून हे कधीच कळलं नसतं.

आपल्या महापालिकेकडे प्रत्येक मृत्यू वयासकट नोंदला जातो. पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्च, या फ्लूच्या दोन हंगामांत ही संख्या दर आठवड्याला वयोगटानुसार जाहीर करा. घाटीसारखं सरकारी रुग्णालय असो की खासगी, दम लागून दाखल झालेल्या प्रत्येक वृद्धाचा आणि बाळाचा स्वॅब घ्या.

बाबा 79 वर्षांचे आहेत. यंदा मी त्यांना फ्लूची लस देऊन आणली. आईलाही देता आली असती. पण आपल्या शहरात या तापाने किती म्हातारी माणसं जातात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.