जुळणीचा संगणक : निवड ग्राहकाची, सत्ता कोणाची?

अमेरिकेतील मायक्रॉन या कंपनीने ३ डिसेंबर २०२५ रोजी एक घोषणा केली. 'क्रुशल' या नावाने सामान्य ग्राहकाला दुकानांतून विकली जाणारी रॅम आणि एसएसडी यांचा व्यवसाय कंपनी गुंडाळणार असून फेब्रुवारी २०२६ च्या अखेरीस हा पुरवठा थांबेल, असे तिचे सार होते. कारणही कंपनीने लपविले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांची मागणी अफाट वाढली आहे आणि त्या मोठ्या गिऱ्हाइकांचा पुरवठा सांभाळण्यासाठी किरकोळ ग्राहकाचा निरोप घेतला जात आहे, असे तिने सांगितले. जवळजवळ तीन दशके दुकानाच्या फळीवर असलेले एक नाव असे नाहीसे व्हावे, ही अर्थविषयक पानावरील छोटी बातमी ठरते. तथापि जिच्या पोटी ही बातमी जन्मली त्या घडामोडीने अनेक घरांची अंदाजपत्रके आधीच कोलमडविली होती. २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांतच रॅमच्या किमती दुपटी-तिपटीवर गेल्या होत्या. व्हिडिओ गेमसाठी सुटे भाग निवडून स्वतःचा संगणक जुळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची झळ सर्वांत आधी लागली.

हौसेच्या वस्तूची महागाई एवढ्यापुरताच हा प्रश्न असता, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जुळणीचा संगणक ही आधुनिक यंत्रांमधील एक विरळ वस्तू आहे. दूरचित्रवाणी संच, भ्रमणध्वनी किंवा मोटार घेणारा माणूस कारखान्याने बंद करून दिलेली पेटी घेतो. संगणक जुळविणारा मात्र त्यातील प्रत्येक भाग पारखून घेतो. ग्राहकाच्या या स्वातंत्र्याला आज कोणी उघडपणे विरोध करीत नाही. त्याच्या खालची जमीन मात्र सरकत चालली आहे.

खुल्या रचनेचे देणे

हे स्वातंत्र्य कोणी उदारपणे बहाल केलेले नव्हते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा, काम लवकर उरकावे म्हणून, बहुतेक भाग तिने इतरांकडून घेतले आणि रचनेचा तपशीलही प्रसिद्ध केला. त्यामुळे त्या धाटणीचे संगणक बनविण्याचा मार्ग इतरांना मोकळा झाला. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले आणि मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा, वीजपुरवठ्याची जोडणी या गोष्टी ठरून गेल्या. एका कारखान्याचा मदरबोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बसावा आणि तिसऱ्याच्या एसएमपीएसवर चालावा, हे आज स्वाभाविक वाटते. त्यामागे हा इतिहास आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, दिल्लीचे नेहरू प्लेस किंवा बंगळूरचा एस. पी. रोड येथील संगणकाचा सुटा बाजार याच खुल्या रचनेवर पोसला गेला.

मध्यमवर्गीय कुटुंबाला ही व्यवस्था सोयीची होती. एकदम सर्व पैसे नसतील तर या वर्षी साधा संगणक घ्यावा, पुढील वर्षी रॅम वाढवावी, त्यानंतर ग्राफिक्स कार्ड बसवावे, असे हप्ते स्वतःच पाडता येत होते. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येत होता. शिवाय मुलगा किंवा मुलगी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यंत्राचे पोट उघडू लागली की, पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा कितीतरी अधिक शिकत होती.

निवडीमागील हिशेब

खेळाच्या संगणकाची निवड हे मुळात संतुलनाचे काम आहे. पडद्यावरील हालचाल सफाईदार दिसण्यासाठी सेकंदाला साधारण ६० चित्रे लागतात, असे धरले तर प्रत्येक चित्र सिद्ध करण्यास सुमारे १७ सहस्रांश सेकंदच मिळतात. त्या अवधीत प्रोसेसरने खेळातील घटनांचा हिशेब करावयाचा आणि ग्राफिक्स कार्डाने चित्र रंगवावयाचे. दोघांपैकी जो मंद असेल त्याच्या गतीने सारे यंत्र चालते. महागड्या कार्डाजवळ दुबळा प्रोसेसर बसविणे म्हणजे एका जुवाला हत्ती आणि शेळी जुंपण्यासारखे आहे.

म्हणूनच जाणकार निवडीची सुरुवात मॉनिटरपासून करतात. १९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात. 'फोर के' म्हटल्या जाणाऱ्या पडद्यावर ते सुमारे ८३ लाख, म्हणजे बरोबर चौपट होतात. पडदा चौपट बिंदूंचा घेतला की ग्राफिक्स कार्डावरील भार त्या प्रमाणात वाढतो आणि त्यामागोमाग एसएमपीएस, कॅबिनेटमधील हवा आणि विजेचे बिल यांचाही. साध्या पडद्यावर समाधान मानणारा ग्राहक येथेच मोठी रक्कम वाचवितो.

दुसरा मुद्दा पायाचा. मदरबोर्डावरील ज्या सॉकेटमध्ये प्रोसेसर बसतो त्याचे आयुष्य किती, हे विचारल्याशिवाय खरेदी करणे आतबट्ट्याचे ठरते. एएमडीच्या 'एएम४' सॉकेटच्या २०१७ मधील अनेक मदरबोर्डांवर, त्यांची बायोस अद्ययावत केल्यावर, २०२२ मधील प्रोसेसर चालू शकला. उलट इंटेलने २०२१ मध्ये आणलेले सॉकेट २०२४ मध्ये बदलले. आज हा प्रश्न रॅमशीही बांधला गेला आहे. 'एएम४' ला डीडीआर४ जातीची रॅम लागते, तर नव्या 'एएम५' ला डीडीआर५. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. त्यामुळे जुनी रॅम हाताशी असलेल्याने पाया बदलण्याची घाई करावी काय, याचा विचार पूर्वीपेक्षा अधिक गांभीर्याने करावा लागतो.

तिसरा भाग सर्वांत उपेक्षित. एसएमपीएस दिसत नाही, त्याची जाहिरात होत नाही आणि खर्च वाढला की पहिली कात्री त्यालाच लागते. परंतु हलक्या प्रतीचा एसएमपीएस बिघडताना आपल्याबरोबर मदरबोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. ज्या गावांत विजेचा दाब दिवसभर खालीवर होतो तेथे ही काटकसर महागात पडते. त्यावरील '८० प्लस'चा शिक्का तो किती वीज वाया घालवितो एवढेच सांगतो. संकटाच्या वेळी तो इतर भागांना कितपत वाचवील, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

नाव एक, वस्तू दोन

सुज्ञ ग्राहकाने हे सारे शिकून घेतले तरी विक्रेत्यांनी प्रामाणिक नावे दिली तरच त्या शिक्षणाचा उपयोग. एप्रिल २०२५ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स आरटीएक्स ५०६० टीआय' हे कार्ड दोन रूपांत आणले. एकात ८ जीबी स्मृती, दुसऱ्यात १६ जीबी, आणि जाहीर किंमत अनुक्रमे ३७९ आणि ४२९ डॉलर. नाव एकच. नव्या खेळांपैकी काहींना ८ जीबी अपुरी पडते आणि तेथे ही दोन कार्डे एकमेकांची भावंडेही वाटत नाहीत. याआधी २०२२ मध्ये याच कंपनीने 'आरटीएक्स ४०८०' या नावाखाली स्मृतीने आणि चिपनेही भिन्न असलेली दोन कार्डे जाहीर केली होती. टीकेचे मोहोळ उठल्यावर त्यांतील धाकटे कार्ड बाजारात येण्यापूर्वीच मागे घ्यावे लागले. तेव्हा ग्राहकांच्या नापसंतीला एवढे वजन होते. तीन वर्षांनी तीच युक्ती थोड्या सौम्य रूपात परतली आणि यावेळी पचली, ही गोष्ट बोलकी आहे.

गिऱ्हाईक बदलले

हे वजन का घटले, याचे उत्तर एनव्हिडियाच्या जमाखर्चातच आहे. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिची एकूण विक्री सुमारे २,६९० कोटी डॉलर होती आणि तीत खेळाच्या संगणकांचा वाटा सुमारे १,२५० कोटी, म्हणजे निम्म्याच्या जवळपास होता. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण विक्री सुमारे १३,०५० कोटी डॉलरवर गेली. तीत डेटा सेंटरांचा वाटा सुमारे ११,५०० कोटी होता, तर खेळाचा १,१३५ कोटी, म्हणजे शंभरात जेमतेम नऊ. ज्या ग्राहकाच्या जोरावर ही कंपनी वाढली तो आता तिच्या ओसरीवरचा पाहुणा झाला आहे.

स्मृतीच्या क्षेत्रात तर सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक डीरॅम बनवितात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना लागणारी एचबीएम ही खास स्मृती बनविण्यास, तेवढ्याच क्षमतेच्या साध्या स्मृतीच्या मानाने, सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. चकत्या त्याच, कारखाने तेच, आणि नफा मात्र तिकडे अधिक. अशा वेळी साध्या रॅमची टंचाई होणार हे सांगण्यास ज्योतिषी नको.

काही आशावादी मंडळी २०२० ते २०२२ या काळाचा दाखला देतात. तेव्हाही ईथर हे कूटचलन मिळविण्यासाठी ग्राफिक्स कार्डांची लूट झाली होती आणि ६९९ डॉलरचे कार्ड दुप्पट किमतीलाही मिळत नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये ईथरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांची ती गरज संपली आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. ही ओहोटी पुन्हा येईल, असे ते म्हणतात. हा दाखला अर्धाच लागू पडतो. कूटचलनवाले ग्राहकाच्याच रांगेत घुसून तीच कार्डे उचलीत होते. ते गेल्यावर माल रांगेत परत आला. आजची मागणी दुकानाच्या रांगेत उभीच राहत नाही. ती कारखान्यातील सिलिकॉनच्या चकतीवरच हक्क सांगते. डेटा सेंटरची लाट ओसरली तरी एचबीएमची पट्टी घरगुती मदरबोर्डात बसणार नाही. कारखाने पुन्हा साध्या मालाकडे वळेपर्यंत ग्राहकाला थांबावे लागेल आणि दुकानाच्या फळीवरून गेलेली नावे परत येतीलच याची शाश्वती नाही. अमेरिकेतील ईव्हीजीए या नामांकित कंपनीने २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा धंदा सोडला. त्या धंद्यात ती परतली नाही.

मालक की भाडेकरू?

भारतीय ग्राहकाची अडचण दुहेरी आहे. प्रोसेसर, ग्राफिक्सची चिप आणि रॅम यांसाठी तो परदेशी कारखान्यांवर विसंबून आहे. त्यामुळे जागतिक भाववाढीवर डॉलरचा दर आणि वर अठरा टक्के वस्तू व सेवा कर चढतो. व्यापारी संस्थेला हा कर आपल्या देण्यातून वळता करून घेता येतो. लिपिकाच्या घरातील विद्यार्थ्याला ती सोय नाही. गुजरातेतील सानंद येथील मायक्रॉनच्या प्रकल्पाकडे काही जण आशेने पाहतात. परंतु २०२३ मध्ये जाहीर झालेला हा प्रकल्प चिप तपासून वेष्टित करण्याचा आहे, सिलिकॉनची चकती घडविण्याचा नव्हे. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

खेळाच्या यंत्रासाठी एवढा आक्रोश कशाला, असा प्रश्न शिक्षकांना पडणे स्वाभाविक आहे. तो रास्तही आहे, कारण अभ्यास सोडून रात्ररात्र पडद्यासमोर बसणारी मुले त्यांच्याच वर्गात झोपतात. परंतु जे यंत्र खेळ चालविते तेच चलत्-चित्रांचे काम, अभियांत्रिकीची रेखाटने, चित्रफितींचे संपादन आणि संगणकशास्त्राचे प्रयोगही चालविते. या कामांसाठी मोठ्या संस्थेकडे जावे लागू नये, ही सोय खेळणाऱ्यांच्या संख्याबळानेच स्वस्त झाली होती. खेळाच्या बाजारातून सामान्य ग्राहक बाहेर फेकला गेला, तर या विद्यार्थ्याचे दारही त्याच्याबरोबर बंद होते.

पर्याय पुढे केला जात आहे तो भाड्याचा. यंत्र दूरच्या डेटा सेंटरमध्ये राहील, खेळ तेथे चालेल आणि मासिक वर्गणी भरणाऱ्याच्या घरी केवळ त्याचे चित्र येईल. सोय म्हणून यात गैर काही नाही. मात्र ज्याच्यापाशी यंत्र नाही त्याला ते उघडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, धाकट्या भावाला देता येत नाही आणि वर्गणी थकली की त्याच्या हाती काहीच उरत नाही. किमतीच्या दडपणाखाली मालकाने मुकाट्याने भाडेकरू व्हावे, याला निवड म्हणता येणार नाही.

ग्राहकाच्या हाती अजूनही काही आहे. चालू असलेले यंत्र केवळ नव्या नावाच्या मोहाने मोडू नये. रॅम आज बेताची घ्यावी, पण मदरबोर्डावर दोन खाचा मोकळ्या राहतील असे पाहावे. एसएमपीएसवर काटकसर करू नये. वापरलेले कार्ड घ्यावयाचे तर ते चालवून पाहूनच घ्यावे. आणि कोणताही भाग अनुक्रमांक नोंदविलेल्या पक्क्या बिलाशिवाय घेऊ नये, कारण कच्च्या बिलावर वाचलेले चार पैसे वॉरंटीच्या वेळी दामदुपटीने जातात.

शासनाच्या हातीही काही आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्याचा रोख संगणकाच्या सुट्या भागांकडेही स्पष्टपणे वळला पाहिजे. एका नावाखाली दोन भिन्न वस्तू विकल्या जात असतील तर वेष्टनावर तो फरक ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती करता येते. घरगुती ग्राहक आणि शाळा यांच्यासाठी कराचा फेरविचारही अशक्य नाही. भावांवर दिल्लीचा ताबा नाही, हे मान्य. पण आयबीएमने चाळीस वर्षांपूर्वी घाईत उघडलेला दरवाजा निदान या देशात तरी टंचाईच्या निमित्ताने लावून घेतला जाऊ नये, एवढी खबरदारी घेणे हे तिचे कर्तव्य आहे.