फौजी घराचें ओझें कोणाच्या शिरीं?

जवाहरनगर व भोंवतालच्या खेड्यांतील शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो,

सात डिसेंबर आला कीं शाळेचीं पोरें छातीवर टीचभर निशाण टोंचून घेतात, साहेबलोक डब्यांत नोट टाकतात, आणि शिपायाचें ऋण फिटलें असें समजून जो तो आपल्या वाटेनें जातो. १९४९ सालापासून ही ध्वजदिनाची रीत आहे. त्या पैशाविषयीं आमची तक्रार नाहीं. आमचें विचारणें एवढेंच कीं, वर्षाचे बाकीचे ३६४ दिवस त्या शिपायाच्या विधवेची बांधी कोण नांगरतो?

“सरकार आहे कीं!” असें उत्तर येईल. सरकारची रीत ऐका. महार शिपायांनीं इंग्रजांसाठीं रक्त सांडलें, आणि १८९० नंतर दोन-तीन वर्षांतच त्यांची भरती बंद झाली. फौजेंतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं सरसेनापतीस उद्देशून अर्ज तयार केला. ऐकतो कोण? १९१७ सालीं महायुद्धांत माणसें कमी पडलीं तेव्हां १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ सालीं मोडलीही. गरज सरो, वैद्य मरो!

तें राज्य परक्यांचें होतें. आतांचें आपलें आहे. तरी २०२२ सालच्या अग्निपथ योजनेच्या अटी घरांतल्या शिकल्या मुलीकडून वाचून घ्या. चार वर्षांची चाकरी. शंभरांतले फार तर पंचवीस पुढें राहणार, उरलेले घरीं. हातीं अकरा-बारा लाख. त्यांतली निम्मी मुद्दल त्याच्याच पगारांतून कापलेली. पेन्शन नाहीं, ग्रॅच्युइटी नाहीं, माजी सैनिक हें नांवही नाहीं! सरकारच्या यादींत जो बसत नाहीं त्याला गांवानें तरी आपल्या यादींत धरावें कीं नाहीं?

आणि देशासाठीं मरतो तो बंदूकवालाच, हें कोणीं ठरविलें? येथल्या आयुध निर्माणींत २४ जानेवारी २०२५ रोजीं स्फोट झाला, छप्पर कोसळलें, आठ कामगार गेले. तोफ सीमेवर धडाडते, पण दारू बनते ती अशाच कारखान्यांत, आपल्याच पोरांच्या हातून. ध्वजदिनाचा निधि माजी सैनिकांचा. त्यांत या घरांचा वांटा नाहीं. मग त्यांना शेजारी तरी आहेत काय?

आम्ही भीक मागत नाहीं. इर्जिकीची रीत आपल्याच बापजाद्यांची आहे, ती येथें लावा. चिखलणीला व रोवणीला आधीं या घरांच्या बांधींत उतरा, मग आपल्या. सुतारानें तिचा नांगर फुकट भरून द्यावा. ज्याला लिहितां-वाचतां येतें त्यानें तिच्याबरोबर कचेरींत जावें. तिला एकटीला खेटे घालूं देऊं नयेत. तेराव्याच्या पंगतीसाठीं कर्ज काढ म्हणणाऱ्याला भाऊबंदांनींच हटकावें. तो पैसा मुलांच्या फीला राहूं द्यावा.

एक गोष्ट कडू आहे, पण बोललीच पाहिजे. २६ जानेवारीला विधवेला साडीचोळी देणारा आणि मृगांत तिच्या बांधावरून नांगर सरकविणारा, हे पुष्कळदां एकच गृहस्थ असतात. फोटोंत हात जोडलेले, सातबाऱ्यावर हात पसरलेले! अशा गृहस्थाकडून साडी घेऊं नका. आधीं बांध मागा.

येत्या १ मेच्या ग्रामसभेंत हीं घरें मोजा. कोणाचा ट्रॅक्टर, कोणाची बैलजोडी, कोणत्या दिवशीं, तें नांवानिशीं लिहून फळ्यावर लावा. रोवणीनंतर पुन्हां तोच फळा वाचा, आणि जो आला नाहीं त्याचेंही नांव मोठ्यानें घ्या.