दप्तर संगणकात गेले. दप्तरदारी कोठे गेली?

मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली निजामकालीन दप्तरे एकाएकी महत्त्वाची ठरली. उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार हुडकावे लागले. जुन्या कागदांच्या छायाप्रती काढून त्या संगणकात भरण्यात आल्या. आरक्षणाच्या प्रश्नाचा निकाल कसा लागावा, हा येथील विषय नव्हे. परंतु या शोधाने एक साधे सत्य सर्वांच्या पदरात घातले : जी नोंद वेळेवर सापडत नाही, ती नसल्यातच जमा असते.

लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावाला हे सत्य नवे नाही. १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, पुढे हैदराबाद राज्य, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि १९८२ मध्ये स्वतंत्र लातूर जिल्हा, इतकी स्थित्यंतरे या भूभागाने एका हयातीत पाहिली. राज्य बदलले की दप्तराची भाषा बदलते. जिल्हा बदलला की दप्तराचा पत्ता बदलतो. वारसाची नोंद किंवा जातीचा दाखला यांसाठी हेलपाटे घालणाऱ्या माणसाला इतिहासाचा हा भार आपल्या खांद्यावर वाहावा लागतो. दप्तर संगणकात गेल्यावर हे हेलपाटे संपतील, अशी त्याची अपेक्षा असल्यास ती रास्तच म्हटली पाहिजे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा ती काही अंशी फळालाही आली. पण सातबारा म्हणजे सगळे दप्तर नव्हे. उरलेल्या कागदांचे काय, हा प्रश्न शिल्लकच आहे.

जुन्या दप्तरदाराला यंत्र ठाऊक नव्हते, पण व्यवस्था ठाऊक होती. पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून राखले गेले होते, म्हणूनच रियासतकार गो. स. सरदेसाई यांना त्यांतील निवडक कागद १९३० नंतर ४५ खंडांत प्रसिद्ध करता आले. संगणकातील साठ्याची घडणही याहून निराळी नाही. फाइल म्हणजे कागद आणि फोल्डर म्हणजे रुमाल. येथे एका रुमालात दुसरा रुमाल बांधता येतो, इतकाच काय तो फरक.

पण आजच्या कोणत्याही कार्यालयातील वा महाविद्यालयातील संगणक उघडून पाहावा. ‘न्यू फोल्डर’, त्यात ‘न्यू फोल्डर दोन’, त्यात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘खरे फायनल’! कोणता कागद कोठे आहे, हे एकाच लिपिकाला माहीत असते आणि त्याची बदली झाली की ते कोणालाच माहीत नसते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील असंख्य मुलामुलींना संगणकाची ओळख करून दिली, हे कार्य लहान नव्हे. तथापि पडद्यावरील चित्रांवर टिचकी मारता येणे वेगळे आणि साठा राखता येणे वेगळे. पहिल्याचे प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्याचे शिक्षण कोणी देत नाही.

हे शिक्षण ज्यातून मिळू शकते ती साधने पन्नास वर्षांहून जुनी आहेत. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक प्रणालीची पायाभरणी केली. तिच्यात संगणकाला चित्र दाखवायचे नसते, लेखी आज्ञा द्यायची असते. ‘एल-एस’ म्हटले की रुमालातील कागदांची यादी येते, ‘सी-पी’ने नक्कल होते, ‘एम-व्ही’ने कागद हलतो किंवा त्याचे नाव बदलते, ‘फाइंड’ नावावरून वा तारखेवरून कागद हुडकते आणि ‘ग्रेप’ मजकुरातील शब्द शोधून काढते. १९७३ मध्ये एका आज्ञेचे फलित परभारे दुसरीच्या हाती सोपवण्याची सोय झाली. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्यात दाखवलेले श्रमविभागणीचे तत्त्वच येथे राबते : प्रत्येक हत्याराने एकच काम करावे, पण ते चोख करावे. दहा हजार कागदांची नावे बदलण्यास माऊस हाती धरणाऱ्या लिपिकाला कित्येक दिवस लागतील. नीट लिहिलेल्या एका ओळीला काही क्षण पुरतात. शिवाय ती ओळ कागदावर उतरून ठेवता येते, वरिष्ठाला तपासता येते आणि बदलून आलेल्या नव्या माणसाला पुन्हा वापरता येते. टिचकीचा मात्र मागे पुरावा राहत नाही.

अर्थात आज्ञा शहाणी झाली तरी नावे वेडी असून चालत नाही. दिवस आधी आणि वर्ष शेवटी लिहिले, तर यादीत सर्व महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र गोळा होतात. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला, तर कालक्रम आपोआप लागतो. ‘गट २’च्या आधी ‘गट १०’ येतो. ‘गट ००२’ लिहिले की तो आपल्या जागी बसतो. हस्तलिखित मोडीचे छायाचित्र तर ‘ग्रेप’ला वाचताच येत नाही. तेथे गाव, वर्ष आणि नोंदवहीचा प्रकार फाइलच्या नावातच नसेल, तर तो कागद धुळीच्या अंधारातून विजेच्या अंधारात गेला, एवढेच म्हणता येईल.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी ती निराळ्याच चिन्हांची रांग असते. मराठी शब्द देऊन तो सापडत नाही. युनिकोडमध्येही ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील रफार दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन्ही वेगळे. एका आडनावाच्या अशा दोन रूपांमुळे एखादा खरा वारसदार यादीत न दिसणे अशक्य नाही. हे दोष चित्रांवर टिचक्या मारून कळत नाहीत. मजकुराच्या पोटात शिरणारी साधने वापरली म्हणजेच कळतात.

या आज्ञा धोक्याच्या आहेत, असा एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. ‘आर-एम’ ही पुसण्याची आज्ञा सहसा दुसऱ्यांदा विचारत नाही आणि पुसलेले केराच्या टोपलीतही ठेवत नाही. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना अशाच एका आज्ञेने चित्रपटाचा बराच भाग पुसला गेला. राखीव प्रतीही निकामी निघाल्या. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सूझमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून निभावले. यातून बोध घ्यायचा तो हत्यार टाकून देण्याचा नव्हे. आधी यादी पाहावी, मग नक्कल करावी, नक्कल उघडून तपासावी, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी आणि पुसणे सर्वांत शेवटी करावे, हा तो बोध होय. तलवारीची धार वाईट नसते. हात अशिक्षित असणे वाईट.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. पण ‘ग्रेप’ हा शब्द इंग्रजाच्या मुलालाही आईकडून मिळत नाही. त्याला तो चाकूरच्या मुलाइतकाच नव्याने शिकावा लागतो. आणि खर्चाचे म्हणाल, तर तो जवळजवळ नाही. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते आणि महाविद्यालयांच्या अडगळीत पडलेल्या जुन्या संगणकांवरही लेखी आज्ञांपुरती चालू शकते. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रणाली रुजवून दाखवली आहे. मराठवाड्यात उणीव आहे ती पैशाची नव्हे, निश्चयाची.

तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयांनी दहा आज्ञांचा एक छोटा पाठ सुरू करावा, तालुका कार्यालयांनी फाइलींच्या नावांचा एक लेखी नियम करून तो भिंतीवर लावावा आणि नवा मजकूर युनिकोडमध्येच टंकण्याची सक्ती असावी. यासाठी कोणत्याही समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. निजामाचे राज्य जाऊन पाऊणशे वर्षे उलटल्यावर त्या काळच्या लिपिकाने बांधलेला गठ्ठा लोकांच्या कामी आला. आजच्या लिपिकाने बांधलेला रुमाल २१०० मध्ये कोणी सोडू पाहिला, तर त्यातून नोंद निघावी. ‘न्यू फोल्डर’ निघू नये.