वारीतला कॅमेरा, खांद्यावरचा पट्टा

आषाढी वारीत दिवेघाट चढताना छायाचित्रकाराची मान आधी थकते, पाय नंतर. खोक्यात मिळालेला पट्टा गळ्यात, त्याला बॉडी आणि ७०-२०० एफ २.८ लेन्स, म्हणजे दोन किलोंच्या आसपासचं वजन थेट मानेवर. तोच कॅमेरा स्लिंग पट्ट्याने जानव्यासारखा तिरका घेतला की भार खांद्यावर आणि पाठीवर पसरतो, हातही मोकळे राहतात. निवडताना जाड गादीला भुलू नका. रुंदी बघा, आणि कॅमेरा डोळ्याशी नेताना काय सरकतं तेही बघा. काही पट्ट्यांत गादी खांद्यावर स्थिर राहते नि कॅमेरा पट्टीवरून वर येतो. काहींत अख्खा पट्टाच सरकतो, तेव्हा आतली बाजू गुळगुळीत हवी. लांबी एका हाताने कमी करता आलीच पाहिजे, नाहीतर गर्दीत वाकलात की कॅमेरा शेजारच्या माउलीच्या डोक्यावर आदळेल. माझी खरी काळजी जोडणीची. तळाच्या पाव इंची ट्रायपॉड-स्क्रूवर टांगलेला कॅमेरा चालता चालता सैल होतो. दर विसाव्याला तो स्क्रू हाताने तपासा, सोबत सुरक्षेची वेगळी दोरी बांधा. लेन्स जड असेल तर पट्टा लेन्सच्याच कॉलरला जोडा, माउंटवर ताण येत नाही. पीक डिझाइन कंपनीच्या पट्ट्याला कॅमेरा जोडणाऱ्या अँकरची दोरी झिजली की आतला रंग दिसू लागतो. तो दिसला की दोरी बदला, पंढरपूरपर्यंत थांबू नका.