स्वस्त एसएसडीची थाप

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईच्या बहुतेक भागाची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहर त्यापासून तोडून चालू ठेवायची व्यवस्था इथे आहे, आणि ट्रॉम्बेचं टाटांचं वीजकेंद्र तिचा एक मुख्य आधार. त्या दिवशी ती व्यवस्थाही फसली. ‘मुंबईत वीज जात नाही’ या भरवशावर सर्व्हर बसवणाऱ्यांनी तरी तेव्हा जागं व्हायला हवं होतं.

कारण डेटाबेसचा सगळा कारभार एका वचनावर चालतो. ‘व्यवहार नोंदला’ असं एकदा कळवलं की पुढच्या क्षणी वीज गेली तरी नोंद राहिलीच पाहिजे. म्हणून डेटाबेस ‘एफसिंक’ची, म्हणजे नोंद पक्की उतरवण्याची, आज्ञा देतो आणि ड्राइव्हच्या होकाराची वाट पाहतो. काही स्वस्त एसएसडी नेमक्या इथे थाप मारतात: नोंद अजून तात्पुरत्या मेमरीतच असते, कायमच्या फ्लॅश मेमरीत उतरलेली नसते, तरी होकार देऊन मोकळ्या.

ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपीच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ एसएसडींची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडली होती. १३ नापास! कुठे नोंदी गायब, कुठे अर्धवट लिहिलेल्या. एक ड्राइव्ह तर कायमची गेली.

(ट्रॉम्बेतल्याच भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली तयार झालेल्या टीडीसी-१२ या संगणकाची मेमरी फेराइटच्या कड्यांची होती. वीज गेली म्हणून तिच्यातलं काही पुसलं जात नसे.)

सर्व्हरसाठीच्या चांगल्या एसएसडीत कपॅसिटर असतात. वीज गेल्यावर हातातलं लिखाण फ्लॅशमध्ये उतरवण्यापुरती ऊर्जा ते पुरवतात. गंमत म्हणजे अशी ड्राइव्ह एफसिंकला वेगानेही उत्तर देते, कारण मेमरीत आलेली नोंद तिच्या दृष्टीने सुरक्षितच असते. तेव्हा पतपेढीच्या सर्व्हरमध्ये लॅपटॉपची एसएसडी बसवून केलेली बचत ही बचत नव्हेच. माहितीपत्रकात ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ शोधावं. विक्रेत्याला ते ठाऊक नसेल तर दुकान बदलावं.

कपॅसिटरनेही सगळं भागत नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीई कंपनीने कळवलं, की तिच्या काही एसएसडी ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास चालल्या की डेटासकट कायमच्या बंद पडतील. दोष फर्मवेअरचा होता, उपायही नवं फर्मवेअर. पण ते वेळेत न टाकणाऱ्याला आरसा-प्रतही (जोडीच्या ड्राइव्हवरची हुबेहूब नक्कल) वाचवू शकली नसती: एकाच दिवशी लावलेल्या जोड ड्राइव्हचे तासही एकदमच भरतात.