'मेरेकू' ही चूक नाही

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानासमोर आपलं एखादं पोरगं अम्मीचा पदर ओढत म्हणतं, "मेरेकू येच होना, वो नक्को!" या वाक्यातला 'नक्को' म्हणजे मराठीतला 'नको'. 'येच'मधला 'च'सुद्धा मराठीच. प्रमाण उर्दूत तिथे 'यही' येतं. शेकडो वर्षांच्या शेजारातून दखनीनं हे घेतलं. मराठीनंही दुकान, बाजार, अर्ज, हजर असे ढिगानं शब्द फारसीतून घेतले. माधव जूलियन यांनी १९२५ साली त्यांचा 'फार्शी-मराठी कोश'च काढला.

हा 'च' कुठे लावायचा, हे त्या पोराला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मराठी घरातलं लहान मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतं. मोठ्यांच्या तोंडून त्यानं ते ऐकलेलं नसतं. नियम स्वतः शोधून लावून पाहिलेला असतो. भाषा शिकण्याची कुवत अल्लाहनं प्रत्येक मुलाला दिली आहे. कोणती भाषा, हे मात्र त्याच्याशी बोलणारी माणसं ठरवतात.

बी.एड.ला मी हे शिकलो होतो. तरी नोकरीच्या सुरुवातीला दुसरीतली एक मुलगी 'मेरेकू' म्हणाली, तेव्हा मी तिला वर्गासमोर थांबवून 'मुझे' म्हणायला लावलं. ती म्हणाली. नंतर कित्येक दिवस वर्गात बोललीच नाही. तिच्या अम्मीनं विचारलं, "सर, घर में तो इत्ता बोलती, इस्कूल में गूंगी कैसी हुई?" माझ्याकडे उत्तर होतं, पण सांगायची लाज वाटली.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. पण आपली घरची भाषा कोणती? फॉर्मवर आपण 'उर्दू' लिहितो, बोलतो दखनी. मावळातल्या कातकरी मुलांचंही तेच. त्यांची बोलीही पाठ्यपुस्तकात नाही. मग मूल गप्प बसतं, आपण त्याला 'कच्चं' ठरवतो.

प्रमाण उर्दू आणि प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे. परीक्षा, नोकरी, कचेरी त्याशिवाय होत नाही. पण घरची बोली पुसून नव्हे, तिच्यावर उभं राहून. आता मी फळ्यावर तिन्ही शब्द शेजारी लिहितो: मेरेकू, मुझे, मला. कुठे कोणता वापरायचा, हे मुलंच सांगतात.

सूरह रूमच्या बाविसाव्या आयतीत माणसांच्या भाषांचं वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांमध्ये गणलं आहे. त्यावर लाल शाई चालवण्याआधी आम्ही मास्तरांनी आणि तुम्ही पालकांनीही जरा थांबावं.