मिरची कुणाकडून घ्यायची?



बचत गटातल्या बायका मसाला करतात आणि प्रदर्शनात टेबल मांडून विकतात, एवढ्यावर आता गोष्ट थांबलेली नाही. अनेक गट मोबाईलवर ऑर्डर घेतात, ऑनलाइन बाजारात नाव नोंदवतात, पार्सलं दूरदूर जातात. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यांना आपल्या राज्यापुरती अशी ऑनलाइन विक्री जीएसटी नोंदणीशिवाय करता येते. फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यामुळे प्रशिक्षणांना ऊत आला आहे. फोटो कसा काढावा, पाकिटावर काय छापावं, सारं शिकवतात. पण त्या पाकिटातली मिरची, हळद, धणे कुणाकडून घ्यायचे, हा विषय बहुधा शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो. गटाच्या हाती काय उरणार, हे मात्र तिथेच ठरतं.

गटांच्या बैठकांत मी एक साधा प्रश्न विचारते : बाजारात माल आणायला कोण जातं? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. 'अध्यक्षांचे मिस्टर जातात', 'माझा दीर जातो, त्याची गाडी आहे.' पाकिटावर नाव महिला गटाचं, मसाला भाजणाऱ्या, कुटणाऱ्या, भरणाऱ्या बाया. व्यापाऱ्याचा फोन नंबर मात्र घरातल्या पुरुषाच्या मोबाईलमध्ये. भाव किती लागला, वजन किती भरलं, उधारी कुणाच्या नावावर लिहिली, हे गटाला नंतर कळतं, किंवा कळतच नाही. 'बायकांना बाजार समितीत कसं जमणार?' असं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, त्याच बाजारात पोती झाडायला आणि मिरची निवडायला कोण बसलेलं असतं?

म्हणून पुरवठादार निवडण्याची पहिली पायरी म्हणजे गटातल्या निदान दोघींनी स्वतः जाणं. एकीने नव्हे, दोघींनी. म्हणजे भाव एकीच्या सांगण्यावर राहत नाही. तीन-चार ठिकाणी हिंडावं, प्रत्येकाकडून पाव किलो नमुना आणावा, घरी एकाच पद्धतीने कुटून रंग, तिखटपणा, ओल पाहावी. ज्या पोत्यातून नमुना घेतला त्याची एक पिशवी बांधून जपून ठेवावी. पुढे आलेला माल तिच्याशी ताडून बघता येतो.

'स्थानिक' या शब्दाचाही जरा खुलासा करायला हवा. तालुक्याच्या पेठेतलं दुकान जवळ असतं, पण तिथली मिरची आंध्रातल्या गुंटूरची असू शकते, ब्याडगी तर कर्नाटकातून येते. त्यात गैर काही नाही. कोल्हापुरी मसाल्याला ब्याडगीचा रंग लागतोच. पण आपण पाकिटावर 'आमच्या भागातली मिरची' लिहीत असू, तर ती कुठल्या शिवारातून आली हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. आमच्या मते स्थानिक पुरवठादार तो, ज्याच्या मालामागचे हात आपण जाऊन पाहू शकतो.

आणि हे हात बहुतांशी बायकांचेच असतात. नंदुरबारच्या मिरची पथारींवर, विदर्भातल्या सातऱ्यांवर बाया दिवसभर बसून मिरचीचे देठ तोडतात. मजुरी किलोवर. बोटांची आग होते, खोकला जात नाही, रात्री तान्ह्या पोराला हात लावायची चोरी. आपला गट व्यापाऱ्याशी घासाघीस करून किलोमागे पाच रुपये कमी करून घेतो तेव्हा आपल्याला जिंकल्यासारखं वाटतं. पण व्यापारी ते पाच रुपये स्वतःच्या खिशातून क्वचितच देतो. दर कमी करायला त्याला सगळ्यांत सोपी जागा सापडते ती देठ तोडणारीची मजुरी. दुकानदार आपल्याला दाबतो, ऑनलाइन बाजार सवलत द्यायला लावतो, आणि आपण नकळत तेच खाली ढकलतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. आपल्या देशाने त्याला मान्यता दिलेली नाही. पथारीवरच्या बाईला तर तो लागूही होत नाही. तेव्हा भाव विचारताना 'देठ तोडायला किलोला किती देता?' हा प्रश्न बेधडक विचारा. उत्तर टाळणाऱ्याच्या मालाबद्दल दोनदा विचार करा.

मग स्वस्त माल मिळणारच नाही का? मिळतो, त्याची वाट मजुरी कापण्यातून जात नाही. हंगामात आवक भरपूर असते तेव्हा गटाकडे पैसा नसतो, आणि उन्हाळ्यात घरोघरी मसाले होऊ लागले की आपण चढ्या भावाने दहा-दहा किलो आणतो. बँकेचं कर्ज हंगामाच्या वेळी उचलणं, पाच-सहा गटांनी मिळून पोती घेणं, यात खरी बचत आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्ये पापड घरोघरी लाटले जातात, पण कच्च्या मालाची खरेदी एकत्रच होते. 'माविम'ची लोकसंचालित साधन केंद्रं हे काम करू शकतात. केंद्राच्या सभेत विषय मांडायला हवा.

पक्कं बिल घ्याच. अन्न सुरक्षा कायदा, २००६ नुसार विकणाऱ्याने दिलेलं बिल हीच मालाच्या दर्जाची लेखी हमी मानली जाते. उद्या हळदीत भेसळ निघाली तर पाकिटावर नाव आपलं आहे. व्यापाऱ्यापर्यंत पोचायचा कागद म्हणजे ते बिल. पाऊचचं थोडक्यात : छापील पाऊच हजारोंनी घ्यावे लागतात, सुरुवातीला साध्या पाऊचवर लेबल चिकटवलेलं बरं.

राहिला पैशांचा व्यवहार. २००६ च्याच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आपला गट 'उद्यम' नोंदणी करून मोठ्या दुकानाला मसाला देत असेल तर हा हक्क आपला आहे. हळद दळून देणारी छोटी गिरणीवाली नोंदणीकृत असेल तर तो तिचाही आहे, आणि तिचे पैसे आपण द्यायचे आहेत.

आपापल्या भागात मिरची, हळद, धणे कुठे, काय भावाने मिळाले, देठ तोडणाऱ्या बाईला किलोला किती मिळत होते, हे गटांनी आम्हाला लिहून पाठवावं. पुढच्या अंकात जिल्हावार तक्ता छापू. व्यापाऱ्यांची नावं छापणार नाही, पण मजुरीचे दर छापू.